मुठीचा आकडा

मजगावच्या दवाखान्यात
मूठ दाबायचं एक यंत्र आलंय.
डॉक्टरीण म्हणाली, पासष्टीपुढच्या
धडधाकट माणसांचीच ताकद मोजायची आहे,
अर्धी मटण खाणारी हवीत, अर्धी डाळीवरची.

मी लगेच नाव दिलं.
कल्लाप्पा कंग्राळकर, वय एकाहत्तर,
साखर नाही, बीपी नाही,
उद्यमबागेत चौतीस वर्षं फाउंड्री,
तापल्या मोल्डिंगच्या पेट्या उचललेले हात हे.
आणि डाळीच्या रांगेत
माझा जोडीदार बसलिंग, कोअर शॉपातला,
जन्मात अंडंसुद्धा न शिवलेला.

आमचं भांडण जुनं.
डबा उघडला की तो म्हणायचा,
‘कल्लू, त्या बकऱ्यानं काय खाल्लं होतं? पालाच की!
मग मधी हा दलाल कशाला?’
मी म्हणायचो, ‘तुझ्या मडकीच्या उसळीनं
वारा सुटतो रे, पेटी उचलत नाही.’
पेटी तो उचलायचा.
दुसऱ्या टोकाला रोज तोच असायचा.
हे मी तेव्हा कधी बोललो नाही.

यंत्र म्हणालं, तो एकतीस, मी एकतीस.
दुसऱ्यांदा मी तेहतीस, तो तीस.
तिसऱ्यांदा त्याला नेमका खोकला आला.
‘फरक म्हणावा असा नाही, आजोबा,
पोटभर आणि वेळेवर खाताय ना?’
मग तिनं कागद काढला.
काल काय जेवलात, परवा काय, रविवारी काय.

रविवारचं मला तोंडपाठ.
कसाई गल्लीतनं अर्धा किलो,
पुढच्या पायाचं, थोडी कलेजी, नळी मोडून.
‘घरात अजून कोण खातं?’
‘ही. भागिरथी.’
‘किती फोडी?’

मी तोंड उघडलं
आणि आत आकडा नव्हता.

सत्तेचाळीस वर्षं
ते पातेलं भरलेलं मी बघितलंय,
रिकामं तिनं.
आधी सासरा, मग मी, मग पोरं, मग कोण आलंगेलं,
शेवटी ती तळाच्या रश्शात भाकरी बुडवायची.
‘मला फोडी नको ओ, दातात अडकतात.’
एकविसाव्या वर्षीही अडकायच्या.

भागी बाहेर बाकावर बसली होती, चपला सांभाळत.
तिला आत बोलावलं.
मटणात धरू का डाळीत,
डॉक्टरीण पेन घेऊन थांबलेली.
भागीनं पदराला हात पुसला,
चुलीपुढनं उठताना पुसते तसा,
आणि ओठ आवळून दाबलं.
बावीस.
‘वयाच्या मानानं छान की, आजी! काय खाता?’

‘काय बाई, हुलग्याचं माडगं. मसुरा.
चटणी कुटताना तोंडात टाकलेल्या शेंगा.
आणि ह्यांच्या घरनं मुगाच्या उसळीची वाटी यायची,
बेस्तरवारी, न चुकता.’

बसलिंग खुर्चीतनं उठलाच.
‘ती वाटी आमची नीलव्वा कल्लूला म्हणून धाडायची!
दलाल सोडेल म्हणून! वीस वर्षं!’

भागी हसली नाही. म्हणाली,
‘मग? वाटी धुऊन परत येत होती की न्हाई?’

त्या रविवारी नळी मी आधी तिच्या ताटात ठेवली.
तिनं तिच्याकडं बघितलं,
चुकून आपल्या दारात आलेल्या पत्राकडं बघावं तसं.
‘आता खरंच अडकतात ओ,’ म्हणाली.
नळी परत माझ्या ताटात.
कुणीच चोखली नाही. तिच्यावर चरबी गोठली.

आज सोमवार. मी उंबऱ्यावर सूप घेऊन
मसूर निवडालोय.
लोखंड पेललेल्या ह्या बोटांच्या चिमटीत
एवढासा दाणा थांबत नाही.
एक खडा मिळाला, अंगणात फेकला, मिशीवर हात फिरवला.

‘फेकलासा काय ते?’ आतनं आवाज.
‘खडा.’
ती बाहेर आली, वाकली, मातीतनं उचलून
माझ्या तळहातावर ठेवला.
‘मसूर हाय तो.’